चेंडू, लेन आणि न दिसणारे तेल : एक तौलनिक पाठ

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस एक अट घातली होती. "सर, दर वेळी तुमचा इतिहास असतो. या वेळी मुलांना आणि पालकांना वेगळे काहीतरी वाचायला द्या." ती अट आम्ही मान्य केली आणि एका खेळातील विज्ञानावर लिहावयास बसलो. लेख पुरा होईपर्यंत इतिहास त्यात आलाच. त्याबद्दल संपादक मंडळाने आम्हांस क्षमा करावी.

१. प्रसंग

गेल्या हिवाळ्यात नववीच्या विद्यार्थ्यांची सहल मुंबईस गेली होती. चैत्यभूमी व वस्तुसंग्रहालय पाहून झाल्यावर अर्धा दिवस मोकळा होता. तेथे नोकरीस असलेला आमचा एक माजी विद्यार्थी मुलांना भेटावयास आला व त्याने सर्वांना एका मॉलमधील बोलिंगच्या हॉलमध्ये नेले. येथे बोलिंग म्हणजे क्रिकेटमधील गोलंदाजी नव्हे. लांबलचक गुळगुळीत लेनवरून जड चेंडू गडगडत सोडावयाचा आणि पलीकडे त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा पिना पाडावयाच्या, असा हा खेळ. आमच्या बहुतेक मुलांनी तो दूरदर्शनच्या पडद्यापलीकडे कधी पाहिला नव्हता.

माजी विद्यार्थ्याने स्वतःचा चेंडू पिशवीतून आणला होता. मुलांनी हॉलच्या रॅकवरील चेंडू घेतले. मुलांचे चेंडू सरळ जात, बहुधा कडेच्या गटारात पडत. त्याचा चेंडू मात्र आधी उजव्या कडेकडे जाई आणि शेवटच्या टप्प्यात एकाएकी डावीकडे वळून पिनांच्या मधोमध शिरे. मुले टाळ्या वाजवीत. थोड्या वेळाने आम्हांस शेजारची दुसरी लेन मिळाली. तिच्यावर सकाळपासून खेळ चालला होता. त्याने तोच चेंडू तसाच सोडला. या खेपेस चेंडू फार लवकर वळला आणि पिनांच्या डाव्या अंगास कसाबसा लागला. तेव्हा एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, बॉल तोच, दादा तोच, मग बॉल आता असा का वागला?"

उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. इतक्यात एक मुलगा चेंडूच्या मागे धावताना रेषा ओलांडून लेनवर गेला आणि सपशेल पाठीवर पडला. लागले नाही, पण उठताना त्याने तळहात एकमेकांवर चोळून पाहिले व ओरडला, "सर, इथे तेल आहे!" चूक त्याचीच होती, कारण रेषेपलीकडे जाऊ नये अशी पाटी तेथे होती. तथापि विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या तळहातावर होते. पुढे काही आठवडे वाचन करून व त्या माजी विद्यार्थ्यास वारंवार दूरध्वनीवर त्रास देऊन आम्ही जे समजून घेतले, ते येथे क्रमाने मांडतो.

२. लेनची ओळख

लेन ही फाउल लाइनपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट लांब व साडेएकेचाळीस इंच रुंद असते. रुंदीत ३९ फळ्या मोजतात. पूर्वी या फळ्या खरोखरीच लाकडी असत. चेंडू जेथे आदळतो तेथे मॅपलचे कठीण लाकूड व मधल्या भागात पाइनचे मऊ लाकूड वापरीत. आता बहुतेक ठिकाणी कृत्रिम पृष्ठभाग असतो, तरी फळ्यांच्या खुणा व त्यांची गणती कायम आहे. खेळाडू "दहाव्या फळीवरून टाकला" असे म्हणतो तेव्हा तो उजव्या कडेपासून दहावी फळी सांगत असतो.

लेनवर तेलाचा अतिशय पातळ थर देतात. आरंभी त्याचा हेतू लाकूड व त्यावरील रोगण यांचे चेंडूच्या घर्षणापासून रक्षण करणे एवढाच होता. पुढे लक्षात आले की तेल कोठवर व किती आहे, यावर सारा खेळ ठरतो. आज हे काम यंत्र करते. एका लेनवर पडणारे तेल जेमतेम चार-सहा चमचे भरेल, पण ते सर्वत्र सारखे नसते. सामान्यतः पहिल्या ४० फुटांच्या आसपास तेल असते व शेवटची सुमारे २० फूट लेन कोरडी असते. रुंदीतही भेद असतो. हॉलमधील नेहमीच्या रचनेत मधल्या फळ्यांवर तेल पुष्कळ आणि दोन्ही कडांना थोडे असते.

आपल्याकडील कॅरम खेळणाऱ्यास हे चटकन कळेल. बोर्डावर पावडर टाकली की स्ट्रायकर सुळकन जातो, पावडर संपलेल्या जागी तो अडखळतो. पावडर निदान डोळ्यांना दिसते. लेनवरील तेल दिसत नाही. दिव्यांच्या उजेडात सगळ्या लेन एकसारख्या चकाकतात.

३. दोन चेंडू

आता ज्या दोन चेंडूंची तुलना करावयाची, त्यांची ओळख करून घेऊ. आकाराने दोन्ही सारखे, म्हणजे व्यास सुमारे साडेआठ इंच. वजन कितीही कमी चालते, पण १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोपेक्षा अधिक चालत नाही. भेद आहे तो पृष्ठभागात व पोटात.

पहिला चेंडू पॉलिएस्टरचा. खेळाडू त्यास प्लास्टिकचा चेंडू म्हणतात. हॉलच्या रॅकवर बहुधा हेच असतात. याची कातडी कठीण व गुळगुळीत असते, ती तेल शोषीत नाही. पोटात साधा, चपटा वजनाचा गोळा असतो. हा चेंडू तेलावर असो वा कोरड्यावर, घर्षण फारसे घेत नाही. म्हणून तो जवळजवळ सरळ जातो.

दुसरा चेंडू रिॲक्टिव्ह रेझिनचा. हे द्रव्य १९९० च्या दशकारंभी या खेळात आले. त्यापूर्वी प्रथम अतिकठीण लाकडाचे, मग १९०५ च्या सुमारास रबराचे, १९६० च्या आसपास पॉलिएस्टरचे आणि १९८० च्या दशकात युरेथेनचे चेंडू आले होते. रिॲक्टिव्ह चेंडूच्या कातडीस डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात. ती तेल आत ओढून घेतात व कोरडी जमीन लागताच घट्ट पकड घेतात. पोटातील गाभा विशिष्ट आकाराचा असतो. त्यामुळे चेंडू फिरताना त्याचा अक्ष थोडाथोडा सरकतो आणि प्रत्येक फेऱ्यास कातडीचा नवा, कोरडा भाग लेनला लागतो.

हा भेद मुलांना हातात घेऊन पाहता आला. दोन्ही चेंडू परत आल्यावर माजी विद्यार्थ्याने ते पुसण्यापूर्वी दाखविले. प्लास्टिकच्या चेंडूवर तेलाचे एकच जाड कडे उमटले होते. त्याच्या स्वतःच्या चेंडूवर एकाशेजारी एक अशी अनेक बारीक कडी होती. लेनवर जे दिसत नव्हते ते चेंडूंवर स्पष्ट दिसले. मुलांनी बोटे लावून खात्री केली.

४. चेंडू वळतो कसा

तुलनेपूर्वी एवढे समजून घेणे आवश्यक आहे. खेळाडू चेंडू सोडताना मनगट व बोटांनी त्यास आडवी फिरकी देतो. चेंडू एका दिशेने जात असतो आणि फिरत असतो थोडा निराळ्या दिशेने. तेलावर घर्षण नगण्य असल्याने फिरकीचा परिणाम होत नाही व चेंडू नुसता घसरत जातो. ही पहिली अवस्था. तेल संपले की घर्षण एकदम कित्येक पट वाढते, फिरकी लेनला धरते व चेंडूस बाजूस ढकलते. ही वळण्याची दुसरी अवस्था. शेवटी जाण्याची दिशा व फिरण्याची दिशा एक होते आणि चेंडू केवळ लोळतो. ही तिसरी अवस्था. तिच्यात तो आणखी वळत नाही.

उजव्या हाताच्या खेळाडूने पहिली पिन व तिच्या उजवीकडील तिसरी पिन यांच्या फटीत चेंडू घालावा, म्हणजे दहाही पिना पडण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्या फटीत चेंडू सुमारे सहा अंशांच्या कोनाने शिरावा, असे जाणकार मानतात. सरळ जाणाऱ्या चेंडूस असा कोन मिळत नाही. तो पिनांवर आदळून बाजूस फेकला जातो व मागच्या एक-दोन पिना उभ्या राहतात. म्हणूनच वळणाऱ्या चेंडूची किंमत.

५. चार परिस्थिती, दोन चेंडू

नेहमीची, ताजी लेन. तेल मध्यात अधिक, कडांना कमी, लांबी सुमारे ४० फूट. येथे रिॲक्टिव्ह चेंडू सरस ठरतो. तेलाच्या लांबीतून ३१ वजा करावे, म्हणजे तेल संपते तेथे चेंडू कोणत्या फळीच्या आसपास असावा हे कळते, असा खेळाडूंचा एक ढोबळ नियम आहे. ४० मधून ३१ गेले की ९, म्हणजे नववी फळी. चेंडू तेथवर घसरतो, कोरड्यावर पकड घेतो आणि फटीत वळतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चेंडू चुकून थोडा अधिक उजवीकडे गेला तर तेथे तेल कमी असल्याने तो लवकर वळून परत येतो. चुकून मध्याकडे राहिला तर तेथील भरपूर तेल त्यास फार वळू देत नाही. दोन्ही चुका लेनच सावरते. प्लास्टिकच्या चेंडूस ही सवलत जवळजवळ मिळत नाही. तो उजवीकडे चुकला तर चुकलेलाच राहतो.

तथापि याच लेनवर एकच पिन कोपऱ्यात उभी राहिली असेल, तर खेळाडू रिॲक्टिव्ह चेंडू खाली ठेवून प्लास्टिकचा उचलतो. लेनवर काय आहे याची पर्वा न करता नेमका सरळ जाणारा चेंडू त्या क्षणी हवा असतो. पहिल्या टाकेस जो दुय्यम होता, तो दुसऱ्या टाकेस अव्वल ठरतो.

लांब व भरपूर तेलाची लेन. काही स्पर्धांत तेल ४५ फुटांपर्यंत किंवा त्याहून लांब व रुंदीत जवळजवळ समप्रमाणात देतात. येथे कोरडी जागा थोडीच उरते. चकचकीत पॉलिश केलेला रिॲक्टिव्ह चेंडूही वळावयास वेळ न मिळाल्याने फट चुकवून उजवीकडेच राहतो. मग खेळाडू तोच चेंडू खरखरीत कागदाने घासतो, त्याची चकाकी घालवितो. मळकट दिसणारा चेंडू तेलातूनही लवकर पकड घेतो. जो चेंडू दिसावयास सुंदर तो येथे निरुपयोगी, आणि घासून निस्तेज केलेला उपयोगी. प्लास्टिकचा चेंडू तर अशा लेनवर वळतच नाही. येथे लेन कोणाचीही चूक सावरीत नाही. नेहमीच्या लेनवर उत्तम गुण मिळविणारे पुष्कळ खेळाडू येथे येऊन खाली येतात. तेव्हा त्यांना प्रथमच प्रश्न पडतो, की आजवर मिळालेल्या गुणांत आपल्या हाताचा वाटा किती होता आणि लेनचा किती.

आखूड तेलाची वा कोरडी लेन. येथे चित्र उलटे होते. रिॲक्टिव्ह चेंडू फार लवकर पकड घेतो, फट ओलांडून डावीकडे जातो, किंवा वळण्यातच आपली शक्ती खर्च करून पिनांपर्यंत थकून पोहोचतो. आमच्या सहलीतील दुसरी लेन या प्रकारची झाली होती. अशा वेळी प्लास्टिकचा चेंडू, ज्यास सगळे मुलांचा चेंडू म्हणून हसतात, तो सौम्य व ताब्यात राहणारे वळण घेतो. अनुभवी खेळाडू कोरड्या लेनवर तो आनंदाने वापरतात.

खेळता खेळता बदलणारी लेन. तेल एका जागी राहत नाही. रिॲक्टिव्ह चेंडू प्रत्येक फेरीत थोडे तेल शोषून घेतो, म्हणून त्याच्या वाटेवरील लेन कोरडी होत जाते. प्लास्टिकचा चेंडू तेल शोषीत नाही, तर पुढे ढकलतो, म्हणून शेवटच्या कोरड्या भागात तेल पसरते. म्हणजे केवळ लेन चेंडूवर परिणाम करते असे नसून चेंडूही लेन बदलतो, आणि आपल्या आधी कोण खेळले यावर आपल्यापुढची लेन ठरते. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हेच होय. चेंडू तोच होता, दादा तोच होता, परंतु त्या लेनवर सकाळपासून शेकडो चेंडू जाऊन आले होते.

यावर उपाय काय, असे आम्ही माजी विद्यार्थ्यास विचारले. तो म्हणाला, "सर, आधी चेंडू बदलत नाही. चेंडू ज्या बाजूला चुकला, त्या बाजूला पाय थोडे सरकवतो आणि पुन्हा टाकून बघतो. दोन-तीनदा बघूनही जमलं नाही, तरच दुसरा चेंडू काढतो."

या साऱ्याचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो. "कोणता चेंडू चांगला" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या लेनवर, कोणत्या वेळी, कोणत्या कामासाठी, हे विचारल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

६. लेनवर कोणाला येऊ दिले

वाचन करताना आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्याने या खेळाचे नियम कोणी केले, याचा शोध घेतला. अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था १८९५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झाली. लेनची लांबी-रुंदी, पिनांचे वजन, चेंडूचा घेर हे सर्व तिने ठरवून दिले, जेणेकरून देशात कोठेही खेळणाऱ्यास समान परिस्थिती मिळावी. समतेचा हा केवढा आग्रह! परंतु याच संस्थेच्या घटनेत १९१६ पासून सदस्यत्व केवळ गोऱ्या पुरुषांसाठी राखून ठेवले होते. लेन इंचाच्या अंशापर्यंत समान, आणि तिच्यावर पाऊल ठेवण्याचा अधिकार मात्र असमान. कृष्णवर्णीय खेळाडूने कितीही पिना पाडल्या तरी अधिकृत स्पर्धेच्या नोंदवहीत त्याचे नाव येऊ शकत नव्हते. त्याचा चेंडू चांगला की वाईट, हे ठरविण्याची संधीच त्यास नव्हती.

त्यांनी स्वस्थ बसणे पत्करले नाही. १९३९ मध्ये डेट्रॉइट येथे त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारली व स्वतःच्या स्पर्धा भरविल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार कामगारांची संघटना व नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था यांनी या वर्णबंदीविरुद्ध मोहीम उघडली, न्यायालयांत दावे दाखल झाले, आणि १९५० मध्ये अमेरिकन बोलिंग काँग्रेसला ते कलम काढून टाकावे लागले. १९८६ मध्ये जॉर्ज ब्रॅनहॅम हा व्यावसायिक स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष ठरला. कलम गेल्यापासून विजयापर्यंत ३६ वर्षे लागली.

मधल्या काळातील एक घटना आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. अमेरिकेत १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला व सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास बंदी आली. तरीही दक्षिण कॅरोलिना राज्यातील ऑरेंजबर्ग या गावातील एकमेव बोलिंग हॉल कृष्णवर्णीयांस प्रवेश देत नव्हता. तेथील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये निदर्शने सुरू केली. ८ फेब्रुवारीच्या रात्री महाविद्यालयाच्या आवारात पोलिसांनी गोळीबार केला. सॅम्युएल हॅमंड, हेन्री स्मिथ व डेलानो मिडलटन हे तिघे मृत्यू पावले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. मिडलटन हा तर अजून शाळेत शिकणारा १७ वर्षांचा मुलगा होता. गोळीबार करणारे नऊ पोलीस खटल्यातून सुटले. निदर्शनांत पुढे असलेला क्लीव्हलँड सेलर्स हा तरुण मात्र तुरुंगात गेला. त्यास १९९३ मध्ये माफी देण्यात आली. त्या रात्रीनंतर न्यायालयाच्या आदेशाने हॉलचे दार सर्वांना उघडले.

आमच्या वाचकांस महाडची आठवण झाली असेल. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. तरी चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावे लागले, आणि न्यायालयातील लढा १९३७ पर्यंत चालला. कागदावर दार उघडे असणे व प्रत्यक्षात उघडे असणे यांत जे अंतर असते, ते महाड आणि ऑरेंजबर्ग या दोन्ही गावांना ठाऊक आहे.

७. शिक्षकाने घ्यावयाचा धडा

आता आमच्या वर्गाकडे येतो. आम्ही शिकवावयास लागलो त्या पहिल्या काही वर्षांतील गोष्ट. त्या वेळी आम्ही दुसऱ्या एका शाळेत होतो. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांचा एक मुलगा होता. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर तो कारखान्याच्या फडावर जाई आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येई. वार्षिक परीक्षेत त्यास फार कमी गुण मिळाले. आम्ही सर्वांसमोर त्यास म्हणालो, "अभ्यास तुझ्या डोक्यात शिरत नाही." तो काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो आला नाही. आज तो कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही.

आम्ही त्याचा चेंडू पाहिला होता, लेन पाहिली नव्हती. ज्या मुलांच्या घरी पुस्तके होती, शांत खोली होती, चुकलेले गणित पुन्हा सोडवून देणारे कोणी होते, त्यांच्या चुका त्यांची लेन सावरून घेत होती. ते गुण सर्वस्वी त्यांचे, असे आम्ही समजत होतो. या मुलाची लेन लांब तेलाची होती. तेथे त्याची एकही चूक कोणी सावरीत नव्हते, आणि तरीही त्याने काही गुण मिळविलेच होते. उत्तरपत्रिका सर्वांना एकच, वेळ एकच, प्रश्न एकच. म्हणून परीक्षा समान आहे, असे आम्ही मानले. चकाकणाऱ्या लेन पाहून आमच्या मुलांनी मानले तसेच.

आमच्या वसतिगृहाचे महत्त्व आम्हांस याच दृष्टीने वाटते. येथे आलेल्या मुलाची निदान राहण्याची, जेवणाची, दिव्याची लेन इतरांसारखी होते. मग त्याच्या हातात काय आहे हे दिसू लागते. येथून गेलेल्या कित्येकांनी ते दाखविले आहे.

तथापि या दृष्टान्ताचा चुकीचा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या काही विद्यार्थ्यांनी तो लगेच घेतला. सहामाहीत नापास झालेला एक विद्यार्थी हसत म्हणाला, "सर, माझी लेनच कोरडी होती." आम्ही त्यास विचारले, मग तू पाय कोठे सरकवलेस? लेन ओळखावयाची ती हात झटकण्यासाठी नव्हे, तर पाय कोठे ठेवावा हे ठरविण्यासाठी. सराव न करणाऱ्याचा चेंडू कोणत्याही लेनवर गटारातच जातो. विद्यार्थ्याचे काम पाय सरकवून पुन्हा टाकण्याचे. शिक्षकाचे व समाजाचे काम लेन तपासण्याचे. दोघांपैकी एकानेही आपले काम दुसऱ्यावर ढकलू नये.

पालकांनाही एक विनंती. आपल्या पाल्याची तुलना शेजारच्या मुलाशी करण्यापूर्वी दोघांच्या लेन पाहाव्यात. तसेच आपले मूल एका विषयात मागे दिसले म्हणून त्यास मागासलेले ठरवू नये. कोपऱ्यातील एकटी पिन पाडावयास कोणता चेंडू लागतो, ते वर सांगितलेच आहे.

८. स्वाध्याय

विद्यार्थ्यांसाठी काही कृती व प्रश्न देत आहोत. माजी विद्यार्थ्यांनीही ते आपल्या मुलांबरोबर करून पाहावेत.

१) गुळगुळीत लादीचा अर्धा भाग साबणाच्या पाण्याने ओला करा, अर्धा कोरडा ठेवा. रबरी चेंडूस आडवी फिरकी देऊन ओल्या भागावरून सोडा. तो कोठे वळतो याची खूण करा. नंतर गुळगुळीत प्लास्टिकचा चेंडू घेऊन तीच कृती करा व दोन्ही खुणांची तुलना करा. ओल्या लादीवर स्वतः पाय देऊ नका.

२) तेल ३६ फूट लांब असेल, तर ३१ च्या नियमाने चेंडू कोणत्या फळीच्या आसपास असावा? ४४ फूट असेल तर? दोन्ही उत्तरांवरून, आखूड तेलाच्या लेनवर खेळाडू कडेने खेळेल की मध्यातून, ते सांगा.

३) कायदा झाल्यानंतरही दार बंद राहिले, अशी आपल्या गावातील वा तालुक्यातील एक घटना घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. ते दार कोणी व कसे उघडले, हेही लिहा.

४) आपल्या वर्गातील एखाद्या मित्राची लेन आपल्यापेक्षा कोणत्या बाबतीत निराळी आहे? त्यास न दुखविता, त्यास उपयोगी पडेल असे आपण काय करू शकतो?

शेवटी दोघांचे आभार मानावयाचे आहेत. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीचे, कारण तिने उत्तर मिळेपर्यंत आम्हांस सोडले नाही. आणि पाठीवर पडलेल्या त्या मुलाचे, कारण लेनवर तेल आहे हे त्याच्या आधी आमच्यापैकी कोणासही कळले नव्हते.